उशिरा येणारे उत्तर

अंगात ताप भरलेला, डोके असह्य ठणकते आहे, मान ताठ झाली आहे, अशा अवस्थेत एखादे मूल रुग्णालयात आणले जाते, तेव्हा डॉक्टरांपुढे एकच प्रश्न उभा असतो. मेंदूच्या आवरणाचा हा दाह जीवाणूंमुळे झाला आहे, की विषाणूंमुळे? जीवाणूंमुळे असेल, तर काही तासांच्या दिरंगाईने प्राण जाऊ शकतो. आंत्रविषाणूंमुळे असेल, तर बहुधा आठ-दहा दिवसांत मूल आपोआप बरे होते. प्रारंभी दोन्ही रूपे सारखीच दिसतात. त्यामुळे उत्तर येईपर्यंत शिरेतून औषधे देत राहावे लागते. आणि एके काळी हे उत्तर, आलेच तर, मूल घरी गेल्यावर येई.

आतड्यात वाढतात म्हणून आंत्रविषाणू हे नाव. पोलिओचा विषाणू हा या कुळातील सर्वांत कुविख्यात, आणि त्याच्याचपासून ही हकीगत सुरू होते. १९०८ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या पृष्ठरज्जूचा अंश दोन माकडांना टोचला. त्या अंशात जीवाणू सापडत नव्हते. तरीही एक माकड मेले आणि दुसऱ्याचे पाय लुळे पडले. रोगाचे कारण जीवाणूहून सूक्ष्म आहे, हे यातून सूचित झाले. परंतु पुराव्यासाठी माकड हवे आणि त्याला रोग होईपर्यंत थांबायला हवे. याला निदान म्हणणे कठीण. ते संशोधनच होते. पुढे या कामासाठी उत्तर भारतातील माकडे हजारोंनी परदेशी गेली. शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या आपल्या देशाने ती निर्यात १९७८ साली बंद केली.

१९४८ साली अमेरिकेत डॉलडॉर्फ आणि सिकल्स यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांत नवे विषाणू वाढविले. रोगी हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी गावचे होते, म्हणून विषाणूंनाही गावाचेच नाव मिळाले. खरा पालट मात्र पुढच्या वर्षी बोस्टन येथे झाला. पोलिओचा विषाणू केवळ मज्जापेशींतच वाढतो, असा तोवरचा समज होता. एन्डर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी तो मज्जासंस्थेबाहेरच्या मानवी ऊतींत, काचपात्रात वाढवून दाखविला. या तिघांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता माकडाची जागा काचनळीने घेतली. विषाणू असेल तर नळीतील पेशी गोल होतात, काचेवरून सुटतात, मरतात. आणि हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. पण काही दिवस, कधी काही आठवडे, थांबावे लागे.

त्यातून नवीच अडचण उभी राहिली. नळ्यांत इतके विषाणू सापडू लागले, की कित्येकांना रोगच नेमून देता येईना. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘अनाथ’ म्हटले, आणि एको या नावात तो शब्द अजून दडलेला आहे. हाती आलेला विषाणू कोणत्या प्रकारचा, हे ओळखण्यासाठी प्रत्येक प्रकाराच्या रक्तद्रवाशी त्याची गाठ घालून पाहायची म्हटली, तर बेचाळीस परीक्षा घ्याव्या लागत. १९६० साली लिम आणि बेनयेश-मेल्निक यांनी यावर सुरेख तोड काढली. बेचाळीस रक्तद्रव त्यांनी आठ मिश्रणांत अशा खुबीने वाटले, की कोणत्या मिश्रणांपुढे विषाणू निष्प्रभ झाला एवढे पाहिले म्हणजे त्याची ओळख पटे. लहान मुले प्रश्न विचारून मनातला आकडा ओळखतात ना, त्यातलाच हा प्रकार. मला तर या सगळ्या इतिहासात हीच युक्ती सर्वांत प्रिय वाटते. तिला नवे यंत्र लागले नाही.

तथापि विषाणू वाढण्याची वाट पाहणे सुटले नव्हते. ते सुटले १९९० च्या सुमारास. या विषाणूंचा वारसा आरएनएच्या एका धाग्यात असतो. आरएनएवरून डीएनए बनविणारे विकर १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर पद्धती १९८३ साली कॅरी मलिस यांना सुचली. आंत्रविषाणूंच्या धाग्याचा आरंभीचा भाग साऱ्या कुळात जवळजवळ सारखा असतो. तेवढाच भाग हेरला, की एकाच तपासणीत सारे कूळ हाती लागते, तेही काही तासांत. पाठीच्या कण्यातील द्रवात आंत्रविषाणू आहे असे त्याच दिवशी कळले, म्हणजे रोग्याची एकूण स्थिती पाहून औषध थांबविता येते आणि मुलाला लवकर घरी पाठविता येते. मात्र विष्ठेत विषाणू सापडला म्हणून तोच रोगाचे कारण, असे म्हणता येत नाही. रोग ओसरल्यावरही तो आतड्यात कित्येक आठवडे राहतो. शिवाय ही तपासणी कूळ सांगते, व्यक्ती नाही.

पोलिओच्या बाबतीत ती व्यक्तीच हवी असते. मुंबईत पोलिओ संशोधनाचा विभाग १९४९ पासून होता; पुढे तोच आंत्रविषाणू संशोधन केंद्र झाला. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तपासण्यास आरंभ झाला. या शोधासाठी उंदराच्या पेशींत मानवी ग्राहकाचे जनुक घातलेले असते, म्हणून पोलिओचा विषाणू त्यांत वाढतो आणि त्याचे बहुतेक भाऊबंद वाढत नाहीत. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतरही नमुने येत राहिले, नळ्या तपासल्या जात राहिल्या, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.