सिंपलप्लेन्समध्ये एअरबस ए३२० निओ: दिसेल तसं उडणारं विमान कसं बनवायचं?

सिंपलप्लेन्स हा जुंड्रू कंपनीचा विमान बनवण्याचा गेम मोबाइलवरही चालतो. यात सुटे भाग जोडून विमान तयार करायचं आणि लगेच उडवून बघायचं. बरेच जण प्रवासी विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायला घेतात. रंग, लोगो, खिडक्या सगळं जमतं, पण रनवे सोडला की नाक वर जातं आणि विमान गटांगळी खातं. मग त्यावर सोपा इलाज केला जातो: भागांचं वजन शून्य करा आणि इंजिनाची ताकद वाढवा. विमान उडतं, पण ते आता ए३२० राहत नाही, त्या आकाराचा फुगा होतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मला हा गेम आवडतो तो याच कारणाने की यात खरं भौतिकशास्त्र बऱ्यापैकी चालतं. त्याचा उपयोग करून प्रतिकृती कशी करायची, ते या लेखात बघू.

हेच विमान का?

इंडिगोच्या ताफ्यात ए३२० निओ मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे पुणे-मुंबईच्या विमानतळांवर हे विमान सहज बघायला मिळतं. शिवाय याची मापं उघड उपलब्ध आहेत. ए३२० चं पहिलं उड्डाण १९८७ साली झालं. निओ ही त्याचीच नवी इंजिनं बसवलेली आवृत्ती.

आधी मापं लिहून घ्या

- लांबी: ३७.५७ मीटर
- पंखांचा विस्तार (शार्कलेटसह): ३५.८० मीटर
- उंची: ११.७६ मीटर
- मुख्य धडाची रुंदी: ३.९५ मीटर, उंची: ४.१४ मीटर
- पंख मागे झुकण्याचा कोन: सुमारे २५ अंश
- पंख वर उचललेला कोन (डायहेड्रल): सुमारे ५ अंश
- पुढचं चाक ते मुख्य चाकं: १२.६४ मीटर
- जास्तीत जास्त टेकऑफ वजन: ७९ टन

धडाची रुंदी आणि उंची नीट बघा. धड पूर्ण गोल नाही, किंचित उभट आहे. गोल ठेवलं तर 'काहीतरी चुकतंय' असं वाटत राहतं आणि काय चुकतंय ते कळत नाही. इंजिनाचंही तसंच. जुन्या ए३२० वरच्या सीएफएम५६ चा पंखा सुमारे १.७३ मीटर व्यासाचा होता. निओवर लीप असेल तर १.९८ मीटर आणि प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन असेल तर २.०६ मीटर. निओ ओळखायची ती या जाडजूड इंजिनांवरून.

डिझायनरमध्ये ब्लूप्रिंटची सोय आहे. वरून, बाजूने आणि समोरून काढलेली चित्रं तिथे लावा आणि त्यांच्यावरच भाग बसवत जा. अंदाजाने काम करण्यापेक्षा हे खूप लवकर होतं.

लहान विमान केलं तर?

फोन अडखळू नये म्हणून काही जण अर्ध्या मापाचं विमान करतात. चालेल, पण गणित समजून घ्या. माप अर्धं केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौथाई होतं आणि घनफळ आठवा हिस्सा. म्हणजे वजनही आठवा हिस्सा, साधारण १० टनांपर्यंत आणावं लागतं. वजन ७९ टनच ठेवलं तर प्रत्येक चौरस मीटर पंखावर चौपट भार येतो आणि हवेत टिकायला दुप्पट वेग लागतो. खरं विमान साधारण १३० ते १४० नॉट वेगाने उतरतं. तुमचं २७० नॉटने रनवेवर आदळणार!

लाल, निळा आणि पिवळा

डिझायनरमध्ये लाल गोळा वजनाचा मध्य दाखवतो, निळा उचल बलाचा आणि पिवळा इंजिनाच्या जोराचा. प्रतिकृतीचं नशीब या तिघांवर ठरतं.

लाल नेहमी निळ्याच्या थोडा पुढे हवा. मग नाक वर उचललं गेलं की मागची उचल त्याला परत खाली आणते. निळा पुढे गेला तर उलट घडतं: नाक वर गेलं की अजून वर जातं. सुरुवातीला सांगितलेली गटांगळी बहुतेक वेळा इथूनच येते. यावर उपाय म्हणून पंख पुढे-मागे सरकवू नका, आकार बिघडतो. धडाच्या पुढच्या भागात मृत वजन (डेड वेट) वाढवा.

इंधन पंखांत आणि पंखांमधल्या धडाच्या भागात भरा. खऱ्या ए३२० मध्येही ते तिथेच असतं. शेपटीत भरलं तर इंधन जळत जाईल तसा लाल गोळा सरकत राहतो.

इंजिनं पंखांखाली आहेत, म्हणून पिवळा लालच्या खाली येतो. त्यामुळे थ्रॉटल वाढवला की नाक आपोआप वर उचललं जातं. हा दोष नाही, खऱ्या विमानातही असंच होतं, फक्त तिथे कॉम्प्युटर ते सांभाळतो. ए३२० मध्ये पायलटची साइडस्टिक थेट पंखाला हलवत नाही, कॉम्प्युटरला सांगते. तो झुकाव ६७ अंशांपुढे जाऊ देत नाही. गेममध्ये फंकी ट्रीज या सूत्रांनी असं काहीसं करता येतं: वळण्याचा वेग वाढला की एलेरॉनची हालचाल आपोआप कमी करायची. पण हे सगळ्यात शेवटी. मुळात डगमगणारं विमान सूत्राने सुधारत नाही.

पंख आणि चाकं

मुख्य पंखाला सेमी-सिमेट्रिक आणि शेपटीला सिमेट्रिक एअरफॉइल द्या. खऱ्या विमानात प्रत्येक पंखावर एक एलेरॉन, दोन फ्लॅप आणि पाच स्पॉयलर असतात. फ्लॅप व्हीटीओएल स्लायडरला जोडा, म्हणजे पायरीपायरीने उघडता येतील. शेपटीचा आडवा पंख ट्रिमला जोडा.

मुख्य चाकं लाल गोळ्याच्या थोडी मागे हवीत. फार मागे गेली तर टेकऑफला नाक उचलत नाही, पुढे गेली तर विमान शेपटीवर बसतं. मापं बरोबर असतील तर जमिनीवर नाक १२ अंशांच्या आसपास उचलल्यावर शेपूट टेकते, खऱ्या ए३२० सारखीच. उंची आणि चाकांची जागा तपासायला ही छान चाचणी आहे.

भागांची संख्या आवरा

प्रत्येक खिडकीला एक भाग लावला तर मध्यम किमतीचा फोन तापतो आणि गेम अडखळतो. मी मोबाइलसाठी ३०० भागांची मर्यादा पाळतो. खिडक्यांच्या रांगेसाठी एक लांब, पातळ काळी पट्टी पुरते. फक्त शोभेच्या भागांचं वजन आणि हवेचा रोध शून्य करायला हरकत नाही. पंख, धड, इंजिन यांना मात्र हात लावू नका.

शेवटची तपासणी

१. सरळ उडताना स्क्रीनवरून बोट काढा. विमान अर्धा मिनिट तरी सरळ राहायला हवं.
२. थ्रॉटल शून्य करा. नाक हळूहळू खाली यावं आणि विमान तरंगत उतरावं.
३. फ्लॅप उघडून १४० नॉटला उतरवून बघा.
४. टाकी जवळपास रिकामी करून हेच पुन्हा करा.

चारही जमलं की मग लोगो आणि रंग. प्रतिकृती मित्राच्या फोनवर पाठवलीत तर तो आधी बाहेरून बघेल, पण पुन्हा पुन्हा उघडेल ती नीट उतरली तरच.