बर्फावरचा रस्ता आणि सव्वाशे ग्रॅम पाव

हिमावरून गाडी कशी चालवतात यावर गोव्याच्या माणसाने लिहावं, हे जरा अतीच झालं असं वाचकांना वाटेल. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पोदेराचा पों पों ऐकू येतो तेव्हा अंगावर ओढून घ्यावीशी वाटणारी चादर, एवढीच. चोर्ला घाटातलं धुकं आणि अनमोडच्या उतरणीवरचा आषाढातला चिखल, यापलीकडे निसरड्या रस्त्याची माझी ओळख नाही. तरीही हा विषय बरीच वर्षं डोक्यात घोळतो आहे, आणि त्याला कारण झाला तो मोरजीतला एक नाश्ता.

मोरजीला ओळखीच्या एका कुटुंबाचं छोटंसं गेस्टहाऊस आहे. रशियन पाहुणे तिथे नेमाने यायचे. एकदा सकाळी मी तिथे गेलो असताना सेंट पीटर्सबर्गच्या एक म्हाताऱ्या बाई आपल्या मुलीबरोबर नाश्त्याला बसल्या होत्या. खाऊन झाल्यावर त्यांनी टेबलावर सांडलेला पावाचा चुरा तळहाताने हळूहळू गोळा केला आणि तोंडात टाकला. घरची सून हसली, "आजी, आणखी उंडे आहेत की!" मुलीने ते आईला सांगितलं. आजी हसल्या नाहीत. मग मुलीच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून जे कळलं ते असं : आजी चार वर्षांच्या असताना, १९४२ च्या फेब्रुवारीत, आईच्या मांडीवर बसून ट्रकमधून एका गोठलेल्या तलावावरून पलीकडे गेल्या होत्या. त्यांना एवढंच आठवत होतं की आई रडत होती, ड्रायव्हरला "लवकर चल, लवकर चल" म्हणत होती, आणि तो मेला ऐकतच नव्हता. हळूच चालवत होता. "का, ते मला अजून ठाऊक नाही," आजी म्हणाल्या.

त्या 'का'चं उत्तर शोधताना जे वाचलं, ते आज सांगतो. त्याआधी एक खुलासा. आपल्याला सगळ्यालाच बर्फ म्हणायची सवय आहे. या लेखापुरता मी आकाशातून भुरभुरतं त्याला हिम आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणेन. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी श्लिसेलबुर्ग घेतलं आणि लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, जमिनीवरून जाणारा शेवटचा रस्ता तुटला. दक्षिणेला जर्मन, उत्तरेला फिनलंडचं सैन्य. शहरात सुमारे २५ लाख माणसं अडकली, त्यात लाखो मुलं. मोकळी बाजू राहिली ती एकच, पूर्वेचा लादोगा तलाव. तलाव म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मयें किंवा करंबळीची तळी येते. लादोगा हे युरोपातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्यात आपला अख्खा गोवा चार वेळा बसेल आणि तरी जागा उरेल. पाणी मोकळं होतं तोवर पडाव आणि बोटींतून थोडंफार धान्य येत राहिलं. नोव्हेंबरात पाणी गोठू लागलं. बोटीला ते घट्ट आणि गाडीला ते पातळ, असे ते दिवस.

२० नोव्हेंबरला शिधा सर्वांत खाली आला. कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव. कारकून, घरी बसलेली माणसं आणि लहान मुलं यांना १२५ ग्रॅम. आपल्या पोदेराचे दोन-तीन पाव होतील एवढं वजन. पण त्या पावात सरकीची पेंड आणि लाकडाच्या लगद्याचा सेल्युलोज मिसळलेला. ओला, जड, काळपट. बहुतेकांना त्याखेरीज जवळजवळ काहीच मिळत नव्हतं.

तेव्हा बर्फ मोजणं सुरू झालं. सुट्या घोड्याला १० सेंटिमीटर जाडी हवी, एक टन ओझ्याची घसरगाडी ओढणाऱ्या घोड्याला १८, आणि एक टन माल भरलेल्या ट्रकला २०. माणसं आधी पायी गेली, दर काही अंतरावर भोक पाडून जाडी पाहत आणि खुणेच्या काठ्या रोवत. मग घसरगाड्यांचा तांडा गेला. २२ नोव्हेंबरला कॅप्टन पोर्चुनोव यांच्या हाताखाली ६० ट्रक निघाले आणि पीठ घेऊन परतले. किती पीठ? ३३ टन. म्हणजे दीड टन वाहू शकणाऱ्या गाडीमागे जेमतेम अर्धा टन. बर्फ त्याहून जास्त पेलेल याची खात्री नव्हती. आणि शहराला तो अपुरा शिधा वाटायलाही रोज सुमारे ५०० टन पीठ लागत होतं.

गाड्या होत्या 'गाझ-आआ'. लोक त्यांना 'पोलुतोर्का' म्हणत, म्हणजे सरळ भाषेत 'दीडटनी'. मूळ आराखडा अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीचा. १९२९ च्या करारानंतर गोर्की शहरात कारखाना उभा राहिला आणि १९३२ पासून तिथे हे ट्रक बनू लागले. साधारण ४० अश्वशक्तीचं इंजिन, आत ऊब देणारं काही नाही. बर्फावरचा पल्ला सुमारे ३० किलोमीटर. पुष्कळ ड्रायव्हर आपल्या बाजूचं दार काढून टाकत किंवा उघडं ठेवून चालवत. गाडी खाली गेली तर उडी मारायला एक-दोन क्षण मिळावेत म्हणून. बाहेर उणे तीस. डोळा लागू नये म्हणून डोक्यामागे रिकामं भांडं टांगायचे, गाडी हलली की ते आदळून आवाज करी, असंही सांगतात. वाटेवर ठरावीक अंतराने माणसं उभी असत, त्यात तरुण मुली पुष्कळ. दिवसा हातात निशाण, रात्री कंदील. भेग पडली की लाकडी फळ्या टाकून पूल करायचा, नाहीतर वाट दुसरीकडून वळवायची. वरून विमानं बॉम्ब टाकत. बॉम्बने पडलेलं भगदाड रात्रभरात पातळ पापुद्र्याने झाकलं जाई आणि त्यावर हिम भुरभुरलं की दिसेनासंच होई.

आणि इथे हिम-बर्फाचा तो फरक. गाडी चालायला बर्फ जाड हवा. जाड व्हायला थंडी खाली पोचायला हवी. पण वर हिमाचा थर साचला की तो गोधडीसारखा काम करतो, थंडी खाली जाऊ देत नाही. म्हणून फावडी घेऊन माणसं आणि हिम ढकलणारे नांगर सतत राबत. वाट साफ करायची ती चाकं रुतू नयेत म्हणून, आणि खालचा बर्फ वाढावा म्हणूनही.

तरी गाड्या बुडत होत्या. त्या हिवाळ्यात अशा शेकडो गाड्या गेल्या. त्यातली एक गोष्ट कुणालाच उमगेना. माल भरून शहराकडे येणारे जड ट्रक सुखरूप पोचत, आणि त्याच बर्फावरून माणसं घेऊन परत जाणारे हलके ट्रक मध्येच खाली जात. वजन कमी, तरी बर्फ फुटतो, हे कसं? हा प्रश्न लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत मागे राहिलेल्या मोजक्या शास्त्रज्ञांकडे आला. पावेल कोबेको आणि नऊम रेयनोव ही त्यांतली दोन नावं. तेही उपाशीच होते. त्यांनी बर्फाचं खालीवर होणं कागदावर रेघ ओढून नोंदवणारं एक साधं यंत्र बनवलं, 'प्रोगिबोग्राफ', आणि ते वाटेवर बसवलं.

त्या रेघांनी सांगितलं ते असं. तरंगत्या बर्फावरून गाडी जाते तेव्हा बर्फ किंचित दबतो आणि तो दबलेला खड्डा लाटेसारखा गाडीबरोबर पुढे सरकतो. खालच्या पाण्यात लाटेचा स्वतःचा एक वेग असतो, तो खोलीवर ठरतो. दहा मीटर खोल पाण्यात तो ताशी साधारण ३५ किलोमीटर भरतो, आणि लादोगाचा तो भाग उथळच आहे. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळले, की झोपाळ्याला दर खेपेला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी लाट वाढत जाते आणि बर्फ फुटतो. जड ट्रक रडतखडत हळू येत, म्हणून वाचत. हलके ट्रक जोरात पळत, नेमके ३५ च्या आसपास! पुढे वेगाचे, दोन गाड्यांमधल्या अंतराचे नियम झाले ते या रेघांवरून.

आता या नियमांशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. १९४२ च्या जानेवारीच्या सुरुवातीला लेनिनग्राडचे पक्षप्रमुख झ्दानोव यांनी रस्त्यावरच्या माणसांना पत्र लिहिलं : रस्ता फार वाईट चालला आहे, गरजेच्या एक-तृतीयांशसुद्धा माल येत नाही. खोटं नव्हतं ते. शहरात त्या महिन्यात रोज हजारो माणसं मरत होती. मग ड्रायव्हरांनी दिवसाला दोन खेपा करायच्या अशी मोहीम निघाली. पलीकडे शहर मरतंय, वरून खेपांचा आग्रह, डोक्यावर विमानं, आणि पायाखालचा बर्फ म्हणतोय, हळू.

इथे मला माझे मामा आठवतात. ते डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचे. खाण ते जेटी, जेटी ते खाण. पैसे खेपेवर, त्यामुळे सगळे सुसाट. २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत त्या रस्त्यांवर किती जणांनी जीव गमावला ते तिथल्या लोकांना विचारा. मामा मात्र हळू चालवायचे, आणि दिवसअखेर त्यांच्या खेपा इतरांएवढ्याच भरत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पयशे खेपेचे मेळटात, वेगाचे न्हय." त्यांचा हिशेब साधा होता. वेळ रस्त्यावर वाचत नाही. रांगेत, भरताना, उतरवताना, बिघाडात जातो, तिथे वाचवायचा.

लादोगावर खेपा वाढल्या त्या थोड्याफार याच हिशेबाने. ९ डिसेंबरला तिख्विन परत घेतल्यावर रेल्वे तलावाच्या जवळ येऊ लागली आणि जंगलातला लांबलचक वळसा सुटला. चढउतार, दुरुस्ती, पाळ्या यांना शिस्त आली. वाटा वाढल्या, बर्फही जाड झाला. २५ डिसेंबरला शिधा पहिल्यांदा वाढला : कामगारांना ३५०, इतरांना २०० ग्रॅम. २२ जानेवारीपासून माणसं मोठ्या प्रमाणावर बाहेर काढायला सुरुवात झाली. २४ एप्रिल १९४२ ला हा रस्ता बंद झाला, तेव्हा बर्फावर पाणी साचून ट्रक पाण्यातूनच चालल्यासारखे दिसत. शेवटच्या खेपांत कांदे होते. त्या एका हिवाळ्यात ३ लाख ६१ हजार टन माल आत आला आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली. त्यांत एक चार वर्षांची मुलगीही होती.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र नाही. वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ ला, ८७२ दिवसांनी. मृतांचा सरकारी आकडा सुमारे ६ लाख ३२ हजार. आजचे अनेक इतिहासकार तो आठ लाखांच्या वर धरतात. बहुतेक माणसं भुकेनेच गेली, आणि सर्वांत जास्त त्याच पहिल्या हिवाळ्यात, रस्ता चालू असताना. त्याला 'जीवनाचा रस्ता' म्हणतात ते खरंच आहे, पण तो पुरला नाही हेही तितकंच खरं.

पुढे तर ही आठवण काढणंही धोक्याचं झालं. शहराच्या वेढ्याचं संग्रहालय १९४९ मध्ये बंद केलं गेलं. 'लेनिनग्राड प्रकरण' या नावाने शहराच्या युद्धकाळातल्या पुढाऱ्यांवर खटले भरले आणि १९५० मध्ये त्यांतल्या काहींना मृत्युदंड दिला. संग्रहालय पुन्हा उघडलं ते १९८९ साली. मधल्या काळात स्मारकं झाली, भाषणं झाली, शौर्याचं कौतुक झालं. रस्ता तलावात उतरायचा त्या किनाऱ्यावर १९६६ मध्ये 'तुटलेलं कडं' नावाचं स्मारक उभं राहिलं : दोन अर्धकमानी एकमेकींना न टेकलेल्या, आणि त्यांच्यामधून पाण्याकडे जाणाऱ्या काँक्रीटमध्ये टायरांच्या खुणा.

फोटोत त्या खुणा पाहताना मला तो नाव नसलेला ड्रायव्हर दिसतो. शेजारी एक बाई रडते आहे, तिच्या मांडीवर पोर आहे, दोघी "लवकर" म्हणताहेत. त्यालाही घाई असणार. तोही उपाशीच होता. तरी त्याने पाय आवरून धरला. आजींना वाटत राहिलं की त्याने आईचं ऐकलं नाही. हे सगळं मला समजलं तोवर त्या परत गेल्या होत्या, पुन्हा कधी मोरजीला आल्या नाहीत. त्यांचं उत्तर माझ्याकडेच राहून गेलं आहे.