प्राग : खिडकीपासून चौकापर्यंतचे दोन किलोमीटर

१/
व्ल्टावा नदीच्या डाव्या तीरावरील टेकडीवर प्रागचा किल्ला उभा आहे, तर उजव्या तीरावर जुन्या नगराचा चौक आहे. मधले अंतर पायी जेमतेम दोन किलोमीटर. मध्य युरोप उद्ध्वस्त करणारे तीस वर्षांचे युद्ध (१६१८-१६४८) याच वाटेवर पेटले आणि त्याची अखेरची झुंजही याच वाटेवर झाली. ही वाट टप्प्याटप्प्याने पाहू. #इतिहास

२/
पहिला टप्पा, किल्ल्यातील जुन्या राजवाड्याची खिडकी. १६०९ मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याने बोहेमियातील प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. पुढे त्यांचे एक चर्च पाडले गेले, दुसऱ्याला टाळे लागले. सनद मोडल्याचा जाब विचारण्यास २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदार कचेरीत शिरले. स्लावाता व मार्टिनित्स हे दोन राजप्रतिनिधी आणि फाब्रिट्सियुस हा त्यांचा चिटणीस, अशा तिघांना त्यांनी खिडकीतून खाली फेकले.

३/
तिघेही वाचले! कॅथलिकांनी श्रेय मेरीमातेला दिले, विरोधकांनी खालच्या उकिरड्याला. बंडखोरांनी १६१९ मध्ये राजा फर्डिनांड याला पदच्युत करून स्वतःचा राजा निवडला. परंतु ८ नोव्हेंबर १६२० रोजी, प्रागजवळच्या बिला होरा, म्हणजे 'पांढरा डोंगर', येथे अवघ्या काही तासांत बंड मोडले.

४/
टेकडी उतरताच माला स्ट्राना ही वस्ती लागते. बंडखोरांच्या जप्त जहागिरी विकत घेऊन गब्बर झालेला सेनापती वॉलेनस्टाइन याचा प्रासाद येथे आहे. अनेक घरे पाडून तो बांधला गेला. त्याच्या बागेतील ब्राँझचे पुतळे प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे आजही स्वीडनमध्ये आहेत. ते तेथे कसे गेले, याचे उत्तर याच वाटेच्या शेवटी मिळते.

५/
पुढे चार्ल्स पूल. सम्राट चौथा कार्ल याने १३५७ मध्ये त्याची पायाभरणी केली. लांबी ५१६ मीटर, कमानी १६. दोन्ही कठड्यांवरील संतांची रांग बहुतांशी १६८३ नंतरची, म्हणजे कॅथलिक विजयानंतरची आहे.

६/
पुलाच्या पूर्व टोकाला जुन्या नगराचा मनोरा आहे. त्याची चौकाकडील बाजू शिल्पांनी भरलेली, नदीकडील बाजू मात्र जवळजवळ उघडी. याच मनोऱ्यावर १६२१ मध्ये १२ मुंडकी टांगण्यात आली. बहुतेक मुंडकी सुमारे दहा वर्षे तेथेच राहिली. पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत.

७/
ती कोणाची, हे चौकात कळते. नगरभवनाजवळच्या फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत. २१ जून १६२१ रोजी येथे २७ जणांना देहदंड झाला : ३ उमराव, ७ सरदार, १७ नागरिक. त्यांत विद्यापीठाचा कुलगुरू यान येसेनियस होता. याच वैद्याने १६०० मध्ये प्रागमध्ये जाहीर शवविच्छेदन केले होते. त्याची जीभ आधी कापली गेली. आणि मृतांत एक कॅथलिकही होता. कारण लढा केवळ धर्माचा नव्हे, सम्राटापुढे देशाच्या हक्कांचाही होता.

८/
१६२७ च्या नव्या राज्यघटनेने कॅथलिक पंथ हाच एकमेव मान्य पंथ ठरला. धर्मांतर किंवा देशत्याग, असा पर्याय उमरावांपुढे उरला. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस १६२८ मध्ये देश सोडून गेला, तो कायमचा.

९/
आता १६४८. जुलैमध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला व माला स्ट्राना घेऊन मनसोक्त लूट केली. बागेतले पुतळे तेव्हाच गेले. पूल मात्र त्यांना ओलांडता आला नाही. मनोऱ्याच्या नदीकडील बाजूची शिल्पे याच वेढ्यात नष्ट झाली. २४ ऑक्टोबरला वेस्टफालियाचा तह झाला, पण वार्ता पोहोचेपर्यंत वेढा उठला नव्हता.

१०/
पूल राखणारे कोण होते? सैनिकांसोबत विद्यार्थी आणि सामान्य नागरिक. विद्यार्थ्यांच्या तुकडीचे नेतृत्व एका जेझुइट पाद्र्याकडे होते. ज्या नगराच्या पुढाऱ्यांची मुंडकी मनोऱ्यावर टांगली गेली, तेच नगर २७ वर्षांनी त्याच मनोऱ्याखाली कॅथलिक सम्राटाच्या बाजूने प्रोटेस्टंट सैन्याशी लढले. मधल्या काळात एक पिढी नव्या शाळांत वाढली होती; शिवाय पलीकडच्या तीरावरची लूट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तहाने निर्वासितांना परतीची वाट दिली नाही.

११/
या बचावाच्या कृतज्ञतेपोटी १६५० मध्ये चौकात मेरीमातेचा स्तंभ उभारला गेला. १९१५ मध्ये त्याच चौकात धर्मसुधारक यान हुस याचे स्मारक आले. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, स्वातंत्र्यानंतर आठवड्याभरातच, हॅब्सबर्ग सत्तेची खूण म्हणून जमावाने स्तंभ पाडला. २०२० मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आज हुस, मेरीमाता आणि २७ क्रूस एकाच चौकात आहेत. क्रूस तेवढे पायाखाली आहेत. मान खाली घातल्याशिवाय ते दिसत नाहीत.