झाशीची राणी, दोन वीजजाळी आणि एक तबकडी : चित्रमानकांचा इतिहास

१९५३ हे वर्ष चित्रतंत्राच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ हा टेक्निकलर चित्रपट प्रदर्शित झाला. राणीच्या भूमिकेत मेहताब होत्या आणि छायाचित्रण ‘गॉन विथ द विंड’चे अर्नेस्ट हॉलर यांचे होते. ‘द टायगर अँड द फ्लेम’ या नावाने त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. बोलपटाची गती सेकंदाला २४ चौकटी अशी जगभर ठरलेली होती. त्यामुळे मुंबईत तयार झालेली फीत झाशीच्या चित्रगृहात आणि लंडनमध्ये एकाच वेगाने चालू शकत होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने एनटीएससी ही रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. चित्रपटाला नसलेली सीमा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र उमटली होती.

या सीमेचे मूळ वीजनिर्मितीत आहे. जर्मनीत एईजी कंपनीने सेकंदाला ५० आवर्तनांचा प्रवाह रूढ केला, तर अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० आवर्तनांचा. पुढे युरोप पहिल्या वाटेने गेला आणि ब्रिटिश अमलाखालील भारतातही अखेर ५० आवर्तनेच स्थिरावली. आरंभीच्या दूरचित्रवाणी संचांत घरच्या विजेचे स्पंदन चित्रात मिसळे आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसत. चित्राचा ताल विजेच्या तालाशी जुळवला की हा दोष सुसह्य होई. म्हणून अमेरिकेत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटी, तर युरोपात ६२५ रेषा आणि २५ चौकटी अशी घडी बसली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारताचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, तेही ६२५ रेषांचेच. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंग आले, तेव्हा आपण टेलिफुंकनच्या वॉल्टर ब्रूख यांनी विकसित केलेली पाल पद्धत घेतली.

दोन पद्धतींमधला पूल बांधणे सोपे नव्हते. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकची रंगीत दृश्ये युरोपात दाखवण्यासाठी बीबीसीच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक रूपांतरक यंत्र उभारावे लागले. पुढे घरोघरी व्हिडिओ आला आणि हीच अडचण कुटुंबांच्या वाट्याला आली. झाशीतल्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे पोहोचे. पण साध्या अमेरिकी यंत्रावर चित्र नीट उमटत नसे.

१९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली. माहिती आता अंकीय झाली होती. तरीही जुना वारसा सुटला नाही. पालच्या तबकडीवर प्रत्येक चौकटीत ५७६ रेषा राहिल्या, एनटीएससीच्या तबकडीवर ४८०. यातले गणित मोठे मनोरंजक आहे. ५७६ गुणिले २५ म्हणजे १४,४०० आणि ४८० गुणिले ३० म्हणजेही १४,४००. दोन्ही पद्धती सेकंदाला जवळजवळ तेवढ्याच रेषा खर्च करतात. एक त्या तपशिलावर खर्चते, दुसरी हालचालीवर.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. तबकडीवरचा विभाग क्रमांक हे व्यापारी कुलूप आहे, चित्रमानक नव्हे. भारत विभाग ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये येते. जपान आणि पश्चिम युरोप मात्र एकाच विभागात, २ मध्ये असूनही जपानचे मानक एनटीएससी आहे आणि पश्चिम युरोपात पाल. कुलूप उघडले म्हणून मानक बदलत नाही.

रूपांतरात नेमके काय घडते? चित्रपट पालवर उतरवताना २४ चौकटी बहुधा २५च्या वेगाने पळवतात. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. ध्वनीत वेगळी दुरुस्ती केली नाही, तर पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकच्या दिशेने सत्तर टक्के वाट चढून जाते. अशा तबकडीचे एनटीएससीत रूपांतर करायचे, तर आधी वेग पुन्हा २४वर आणावा आणि मग ठरावीक क्रमाने चौकटींची पुनरावृत्ती करावी. रेषा घटतात, पण प्रत्येक क्षण शाबूत राहतो.

लग्नाच्या चित्रणाची गोष्ट निराळी. व्हिडिओ कॅमेऱ्याने सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपलेली असतात आणि एनटीएससीला जवळजवळ ६० हवी असतात. ही वाढीव दहा कोठून आणायची? आधीचीच पुन्हा दाखवली तर हालचाल अडखळते. शेजारची दोन मिसळली तर अक्षता टाकणाऱ्या हातामागे दुसरा पुसट हात दिसतो. हालचालीचा अंदाज बांधून नवी चित्रे रचली तर दृश्य सुरेख दिसते. मात्र तो क्षण कॅमेऱ्याने कधीच पाहिलेला नसतो.

झाशीच्याच इतिहासात याचे एक मराठी उदाहरण आहे. १८५८च्या वेढ्यात झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी फेरफार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित जपले गेले होते, म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदार मूळ पाठ वाचकांपुढे ठेवू शकले. मूळ प्रत उरली नसती, तर संपादित आवृत्ती हेच अखेरचे सत्य ठरले असते.

आज संगणक दोन्ही मानकांच्या तबकड्या वाचतो. केवळ पाहण्यासाठी रूपांतराची गरज उरलेली नाही. घरी लिहिलेल्या तबकडीचा रंगद्रव्याचा थर मात्र काळानुसार खराब होत जातो. तेव्हा घरातल्या तबकडीची आहे तशी, एकही चौकट न बदलता, संगणकावर प्रत करून ठेवावी. कोणाला सोयीसाठी रूपांतरित प्रत हवी असेल, तर ती त्या प्रतीवरून करावी आणि मूळ प्रत पुसू नये. रूपांतराची तंत्रे उद्या सुधारतील. पण त्यांना काम करायला मूळ चौकटी शिल्लक असायला हव्यात.

#विज्ञानवार्ता #तंत्रज्ञानाचा_इतिहास #झाशी