आवक, भाव आणि अर्थमिती

मागणी-पुरवठ्याचे वक्र गिरवून झालेला विद्यार्थी पुढच्या वर्गात येतो, तेव्हा सिद्धांताचा पेपर वेगळा आणि अर्थमितीचा वेगळा, अशीच त्याची समजूत असते. ही भिंत पाडावी म्हणून हे पुस्तक. त्यासाठी अमरावती-अकोल्याच्या मुलामुलींना लांब जायला नको. कारंज्याला १८८६ मध्येच कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता.

समजा, बाजार समितीच्या नोंदींतून वीस हंगामांची कापसाची आवक आणि भाव उतरवून घेतले, आलेखावर ठिपके मांडले आणि त्यांतून रेषा काढली. ती मागणीची की पुरवठ्याची? बहुधा कशाचीच नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या साली दोन्ही वक्र जिथे छेदले ती जागा, आणि दोन्ही दरसाल सरकतात. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये जवसासारख्या तेलबियांच्या संदर्भात यातून वाट दाखवली: पिकाचा उतारा बदलेल, पण गिऱ्हाइकाची मागणी बदलणार नाही, असं काहीतरी शोधा. उदाहरणार्थ, पाऊस.

इथे वऱ्हाडच्या विद्यार्थ्यानं थबकावं. अकोल्यात पावसानं दडी मारली म्हणून कापूस महागतोच असं नाही. रुईचा भाव बाहेरच्या मोठ्या बाजारात ठरतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले, त्यात इथल्या पावसाचा काही संबंध नव्हता. म्हणजे इथला पाऊस मागणी मोजायला फारसा कामाचा नाही. बाहेरून आलेला धक्का मात्र पुरवठा मोजायला उपयोगी पडतो. हे नुसत्या सूत्रातून उमगत नाही, बाजार ठाऊक असावा लागतो.

मृगाच्या सरींवर सरकी टोबताना दिवाळीनंतर काय भाव मिळेल, हे शेतकऱ्याला कुठे माहीत असतं? तो अंदाज बांधतो. हा अंदाज समीकरणात कसा आणायचा, ते मार्क नेर्लव्ह यांनी १९५८ मध्ये मांडलं. त्याच वाटेनं राज कृष्ण यांनी १९६३ मध्ये पंजाबच्या शेतकऱ्यांचा कापसाचा पेरा भावाप्रमाणे हलतो हे दाखवलं. इथला शेतकरी केवळ रूढीनं पेरतो, असं म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं. माझ्या मते या विषयात शिरायला त्याहून चांगलं दार नाही.

एक सावधगिरी. राज्यात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली. त्या हंगामांचे आकडे खुल्या बाजाराच्या आकड्यांत सरसकट मिसळू नका. तिथे भाव ठरण्याची रीतच वेगळी होती.

गणिताची धास्ती नको. अवकलन आणि थोडं सारणींचं गणित येत असेल तर पुरे. बाकीचं लागेल तिथे शिकवलं आहे. आलेखवही आणि आपल्या तालुक्याच्या बाजाराचे भाव मात्र पहिल्या प्रकरणापासूनच जवळ असू द्या.