दस्त कुणाच्या नावावर?

घर घेताना वकील नीट पाहावा, कर्जाचे कागद दोनदा वाचावेत, असा उपदेश सगळेच करतात. उपदेश चूक नाही. मी कर्ज काढून घर घेतले तेव्हा बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, आणि आमच्या घराण्यात प्रथमच कुणीतरी दस्तावर अंगठ्याऐवजी सही केली. पण फसतो तो अडाणी असतो म्हणूनच फसतो, हा जो समज या उपदेशाच्या पोटात दडलेला असतो, तो मला मान्य नाही. शिकागोच्या काळ्या माणसांचा इतिहास त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, तेव्हापासून आपण काळ्यांची कविता वाचत आलो. त्यांची खरेदीखते मात्र आपण वाचली नाहीत.

क्लाइड रॉस हा मिसिसिपीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो लहान असताना सरकारी माणसे आली, तीन हजार डॉलर कर थकला आहे म्हणाली, आणि जमीन, गाय, खेचरे सारे घेऊन गेली. बापाला वाचता येत नव्हते. वकील नव्हता. असता तरी तिथल्या कोर्टात त्याचे कोणी ऐकले असते, हा प्रश्नच आहे. मुलगा मात्र शिकला, महायुद्धात सैन्यात गेला, १९४७ साली शिकागोला आला आणि कारखान्यात नोकरीला लागला. १९६१ साली त्याने लॉनडेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते.

रॉसने बँकेकडे विचारले नव्हते असे नाही. दुसऱ्या वस्तीतल्या घरासाठी त्याने कर्ज मागितले होते. कर्ज मिळणार नाही, एवढेच त्याला सांगण्यात आले. या नकारामागे सरकार उभे होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. ज्या वस्तीत काळे राहतात ती तांबडी, म्हणजे कर्जाला धोक्याची. हे नकाशे बँकांनी प्रत्यक्ष किती वापरले यावर इतिहासकारांत वाद आहे. पण १९३४ साली निघालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाबद्दल वादाला जागा नाही. हे खाते बँकेच्या गृहकर्जाला हमी देई, आणि हमी मिळाल्यामुळेच गोऱ्या कामगाराला थोड्या रकमेवर, लांब मुदतीने घर घेता येई. त्याच्या १९३८ सालच्या नियमपुस्तकात भिन्न वंशांची सरमिसळ टाळावी आणि त्यासाठी दस्तातच बंधनाचे कलम घालावे, अशी शिफारस होती. म्हणजे गावकुसाबाहेरची वेस तिथे दस्तात लिहिलेली होती. लॉरेन हॅन्सबेरी या नाटककर्तीच्या वडिलांनी अशाच एका कलमाविरुद्ध लढून १९४० साली सुप्रीम कोर्टात दावा जिंकला. १९४८ साली त्याच कोर्टाने सांगितले की अशी कलमे कोर्टांनी अमलात आणू नयेत. कलम गेले, बँकेचे दार बंदच राहिले.

बंद दाराशी दलाल उभाच असतो. 'काळे येताहेत' अशी भीती घालून तो गोऱ्याचे घर स्वस्तात घेई आणि काळ्याला दुपटीने, तिपटीने 'करारावर' विके. शब्द विक्रीचा, पण दस्त विकणाऱ्याच्याच नावावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घेणाऱ्याची मालकी शून्य. कर, विमा, दुरुस्ती मात्र त्याच्याच माथी. एक हप्ता चुकला की आधी भरलेले सगळे जप्त, माणूस रस्त्यावर आणि घर पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. साधे गहाणखत असते तर कर्जदाराला गहाण सोडवून घेण्याचा हक्क राहिला असता. करारात तोही नाही. आपल्याकडची मुदतखरेदी आठवावी. सावकार कर्ज देई, पण कागद लिहून घेई खरेदीखताचा. आपल्याकडे कर्जाला खरेदी म्हटले, तिकडे विक्री म्हणून तिचे कर्जापेक्षाही वाईट रूप केले. आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही की, काळ्या माणसाला कर्ज नाकारणाऱ्या पतसंस्था त्याच घरांवर दलालाला कर्ज देत होत्या.

मार्क सॅटर नावाचा एक ज्यू वकील अशी माणसे घेऊन १९५० नंतरच्या दशकात कोर्टात उभा राहिला. ही फसवणूक आहे, असे तो सांगे. करार तो करार, असे कोर्ट म्हणे. १९६५ साली तो अकालीच वारला. इथे मला १८७५ सालचे सुपे आठवते. आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा कुठे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला कागदामागचा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. (त्या शेतकऱ्यांत आपण नव्हतो; जमीन असती तर गहाण पडली असती.)

शिकागोत रोखे कोणी जाळले नाहीत. १९६८ साली तिथे करार-खरेदीदारांचा संघ उभा राहिला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांनी काय केले? नोंदणी कार्यालयात बसून जुने दस्त चाळले. प्रत्येक घराची दलालाने दिलेली किंमत शोधली आणि ती खरेदीदाराच्या हाती ठेवली. मला या लढ्यात हेच सर्वांत मोलाचे वाटते. तोवर प्रत्येक कुटुंब आपण एकटेच मूर्ख ठरलो म्हणून लाजेने गप्प होते. सभेत आकडे वाचले गेले तेव्हा कळले, की रस्त्यावरच्या प्रत्येक घराची गोष्ट एकच आहे. रॉस या संघाच्या पुढाऱ्यांपैकी एक. १९६८ च्या अखेरीस शेकडो कुटुंबांनी हप्ते रोखले. पोलीस सामान रस्त्यावर टाकत. शेजारी ते पुन्हा घरात नेऊन ठेवत. कित्येक दलाल नमले आणि शेकडो करार नव्याने कमी किमतीत लिहिले गेले.

केंद्रीय कोर्टातला दावा मात्र १९७६ साली ज्यूरीने खरेदीदारांविरुद्ध दिला. गृहकर्जाची माहिती उघड करण्याचा कायदा १९७५ साली आला, आणि ज्या वस्तीतून ठेवी घेता तिथे कर्जही द्या, असे बँकांना सांगणारा कायदा १९७७ साली. त्यानंतरही, २०११ साली, एका बड्या कर्जकंपनीला ३३.५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. काळ्या आणि स्पॅनिशभाषी कर्जदारांना गोऱ्यांपेक्षा महाग कर्ज दिल्याचा आरोप सरकारने तिच्यावर ठेवला होता. आता कर्ज मिळत होते, पण महाग.

क्लाइड रॉस २०१४ साली नव्वदीत होता. लॉनडेलमधल्या त्याच घरात राहत होता.