परिचारिका आणि औषध

घरांत कोणी अंथरुणास खिळलें कीं पहिला प्रश्न निघतो तो औषधाचा. खोलींत मोकळी हवा आहे काय, रोग्यास स्वस्थ झोंप लागली काय, पुढें ठेवलेली पेज त्यानें खरोखर घेतली काय, हे प्रश्न मागाहून सुचतात. हा क्रम उलटा असावा असें मिस् फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं आग्रहानें सांगितलें. त्यांचें हें मत कसें बनलें व त्याचें पुढें काय झालें, हा इतिहास आजही उद्बोधक आहे.

१८५४ च्या नोव्हेंबरांत, क्रिमियन युद्ध चालू असतां, नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील इंग्रजी लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या. तेथें सैनिक मरत होते ते जखमांपेक्षां हगवण, टायफस इत्यादि रोगांनींच अधिक. इमारतीखालीं गटारें तुंबलीं होतीं व आंत हवा कोंडली होती. १८५५ च्या मार्चमध्यें विलायतेहून आरोग्य-मंडळ आलें. त्यानें गटारें साफ करविलीं, हवेस वाट करून दिली, आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. कोणतेंही नवें औषध त्या दिवसांत सांपडलेलें नव्हतें! युद्ध संपल्यावर बाईंनीं मृत्यूंचे आंकडे जमविले, १८५८ सालीं त्यांचे आलेख छापविले, आणि त्या आंकड्यांनीं त्यांचें मत पक्कें केलें.

लौकरच प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या लहानशा पुस्तकांत तें स्पष्ट उतरलें आहे. वैद्य वा शस्त्रवैद्य मार्गांतील अडथळा दूर करतो. बरा करतो तो निसर्गच. रोग्यास निसर्गाचें कार्य सुकर होईल अशा स्थितींत ठेवणें, हें परिचारिकेचें काम. डॉक्टरानें एकदां लिहून दिलेली पाऱ्याची गोळी कित्येक बायका आठवड्यांतून दोन-तीनदां साधा रेचक म्हणून घेत व इतरांसही देत, याचा त्यांनीं खरपूस समाचार घेतला आहे. होमिओपाथीच्या साखरगोळ्यांस त्या खुळेपणाच म्हणतात; परंतु ज्यांना औषध दिल्यावांचून राहवतच नाहीं, त्यांनीं निदान त्या निरुपद्रवी गोळ्या तरी द्याव्या, असा त्यांचा मिस्किल सल्ला आहे.

पाऱ्याच्या त्या युगांत हा अविश्वास रास्तच होता. पुढें काळ पालटला. १९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलिन प्रचारांत आलें आणि अनेक रोगांत औषधच जीव वांचवूं लागलें. तरीही रोगी म्हणजे केवळ औषध भरण्याचें पात्र नव्हे, ही परिचारिकांची जुनी तक्रार उरलीच. त्या असंतोषांतून १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका डोलोरेस क्रीगर व डोरा कुन्झ यांनीं 'उपचारक स्पर्श' नांवाची पद्धति काढली. तींत प्रत्यक्ष स्पर्श नसेच. शरीरापासून कांहीं इंच अंतरावर हात फिरवून रोग्याचें शक्तिवलय सुधारतां येतें, असा दावा होता. हजारों परिचारिका ती शिकल्या.

तिची परीक्षा घेतली एका शाळकरी मुलीनें. एमिली रोझा हिनें एका पडद्याच्या भोंकांतून उपचारकांना दोन्ही हात पुढें करावयास सांगितलें. आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरावयाचा हें ती नाणें उडवून ठरवी, आणि त्यांनीं तो जाणिवेनें ओळखावयाचा. २१ उपचारकांच्या २८० उत्तरांपैकीं १२३ बरोबर आलीं, म्हणजे शेंकडा ४४; केवळ अंदाजानेंही निम्मीं यावयाचीं! १९९८ सालीं हा प्रयोग अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. एमिलीची आई स्वतः परिचारिका होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

नाइटिंगेलबाईंचा खरा वारसा या मायलेकींकडे आला असें मला वाटतें. औषधावरील अविश्वास ही त्या वारशांतील गौण गोष्ट; निरीक्षण करून व मोजून पाहण्याची संवय ही मुख्य. गोंगाटानें झोंप मोडत असेल तर झोंपेच्या औषधाआधीं गोंगाट थांबवावा. न्यूमोनियांत मात्र डॉक्टरानें सांगितलेलें औषध वेळच्या वेळीं द्यावें. मायेच्या हातानें रोग्यास धीर येतो, हें कोणीही नाकारणार नाहीं. पण धीर देणें निराळें आणि रोग हटविणें निराळें. हा भेद जी जाणते, तिच्या हातीं रोगी निर्धास्तपणें सोंपवावा.